कॉम्प्युटर आर्किटेक्चर: तुकडे कळतात, जोडले जात नाहीत

नवी_पाटी
नमस्कार मंडळी. या सेमिस्टरला आम्हाला कॉम्प्युटर सिस्टीम्स आणि आर्किटेक्चर हा विषय आहे, पहिल्यांदाच. आत्तापर्यंत बायनरी, हेक्स, टूज कॉम्प्लिमेंट (वजा संख्या बिटांत लिहायची पद्धत), गेट्स, फ्लिप-फ्लॉप, मग असेंब्ली आणि आता पाइपलाइन (एक इन्स्ट्रक्शन संपायच्या आत पुढची सुरू करायची पद्धत) इथवर आलोय. माझी अडचण अशी की सुटं सुटं विचारलं तर मला येतं. फुल अॅडर काढून दाखवीन, वजा ५ आठ बिटांत कसे लिहायचे तर १११११०११ हे झोपेतसुद्धा सांगीन, पण या सगळ्यातून एक चालणारं मशीन कसं उभं राहतं ते काही केल्या डोळ्यासमोर येत नाही.

परवा चाचणीत प्रश्न होता: ‘ए = ए + १ हे वाक्य चालतं तेव्हा प्रोसेसरमध्ये काय घडतं?’ मी पानभर आकृती काढली, मेमरीचा चौकोन, कंट्रोल युनिटचा चौकोन, गणितं करणारा एएलयू, रजिस्टर्स (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागा), सगळे बाण. १० पैकी ३ मिळाले आणि सरांनी खाली एवढंच लिहिलंय, ‘बाण कोणत्या क्रमाने?’ दोन दिवस झाले, तेच वाक्य डोक्यात फिरतंय. खरंच मला उत्तर माहीत नाही.

ज्यांनी हा विषय केलाय त्यांनी सांगा, अभ्यास नक्की करायचा कसा? वाचत राहू, गणितं सोडवू, की आणखी काही?

रात्रपाळी
तुझ्या सरांनी लाखातला प्रश्न विचारलाय, ती उत्तरपत्रिका जपून ठेव.

मी तीन वर्षं या विषयाची लॅब घेतोय आणि दर वर्षी हेच दिसतं, मुलं आकृती पाठ करतात आणि आकृतीत वेळ नसतो. म्हणून मी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एकच काम देतो. एकच इन्स्ट्रक्शन घ्यायची आणि ती कागदावर हाताने चालवायची, बिटाला बिट लावून. इथेच करून दाखवतो. रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरची भाषा घेऊ कारण त्याची रचना फार स्वच्छ आहे, ३२ रजिस्टर्स आणि त्यातलं एक्स० कायम शून्य.

इन्स्ट्रक्शन: अॅड-आय एक्स५, एक्स०, ७. म्हणजे एक्स० मध्ये ७ मिळव आणि एक्स५ मध्ये ठेव. मेमरीत ती अशी पडलेली असते:

०००००००००१११ ००००० ००० ००१०१ ००१००११

मध्ये जागा मी सोडल्यात, तिथे नुसते सलग ३२ बिट असतात. उजवीकडचे ७ सांगतात की ही ‘रजिस्टर आणि त्यातच लिहिलेला आकडा’ अशा जातीची आहे. त्याच्या डावीकडचे ५ म्हणजे उत्तर कुठे ठेवायचं, ००१०१ म्हणजे ५. मग ३ बिट, ०००, त्या जातीतली बेरीज. मग ५ बिट, कुठलं रजिस्टर वाचायचं, ०. आणि उरलेले १२ बिट म्हणजे आपला ७. आकड्याला १२च बिट मिळाल्यामुळे तो वजा २०४८ ते २०४७ याच्या बाहेर जाऊ शकत नाही, हे वेगळं पाठ करायची गरजच उरत नाही.

आता समजा पीसीत, म्हणजे चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या प्रोग्रॅम काउंटरमध्ये, १०० आहे. १०० वरून हे ३२ बिट बाहेर येतात. आणि इथे सगळे चुकतात, म्हणून जरा थांबून वाच. आपण प्रोग्रॅम लिहितो तेव्हा आधी हे मग ते असा विचार करायची सवय लागलेली असते. हार्डवेअरमध्ये बिट तारांवर आले की सगळेच एकदम कामाला लागतात. रजिस्टर फाइल (सगळ्या रजिस्टर्सचा संच) एक्स० वाचते, त्याच वेळी १२ बिटांच्या आकड्याचा ३२ बिटांचा होतो, त्याच वेळी बाजूला एक छोटा अॅडर १०० + ४ (पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता, कारण एक इन्स्ट्रक्शन ४ बाइटची) करून बसलेला असतो, आणि त्याच वेळी रजिस्टर फाइल दुसऱ्या दारातूनही काहीतरी वाचते जे आपल्याला नकोच आहे! ‘दुसरं रजिस्टर’ असं समजून ती बिट २० ते २४ कडे बघते, तिथे आपल्या ७ चे बिट आहेत, म्हणजे ती बिचारी एक्स७ वाचून आणते. ते वाया जातं. कारण एएलयूच्या तोंडाशी मल्टिप्लेक्सर (अनेकांतून एक निवडणारं सर्किट) आहे आणि कंट्रोलने त्याला सांगितलंय की आकडा घे, रजिस्टर नको. कंट्रोल युनिट काम ‘करवून घेत’ नाही, तयार असलेल्या उत्तरांतलं कुठलं पुढे जाऊ द्यायचं तेवढं ते ठरवतं. मग क्लॉकची कड (पुढच्या ठोक्याचा क्षण) येते आणि त्या क्षणी दोनच गोष्टी बदलतात, एक्स५ मध्ये ७ बसतो आणि पीसीत १०४.

बाणांचा क्रम तो हा. एका सायकलमध्ये तारा आपापल्या गतीने स्थिरावतात आणि लिहिणं फक्त कडेवर होतं.

तुझं ए = ए + १ मात्र एक इन्स्ट्रक्शन नाहीये. ए मेमरीत असेल तर तीन आहेत, लोड, अॅड-आय, स्टोअर. या तिन्ही अशाच कागदावर चालव. तीन पानं लागतील, लागू दे.

तिसरा_डोळा
रात्रपाळी, +१. फक्त एक भर घालतो, कागदावर झालं की लॉजिसिममध्ये (सर्किट काढून चालवून बघायचं सॉफ्टवेअर) बांधून बघा. मी चार नँडचा एक्सॉर, त्यातून फुल अॅडर आणि असे आठ जोडून बेरजेचं सर्किट केलं होतं. १२७ + १ टाकलं आणि वजा १२८ आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. टूज कॉम्प्लिमेंटची व्याख्या तोवर पन्नासदा वाचली होती, पण सर्किटला चिन्ह वगैरे काही ठाऊकच नाही, ते नुसते बिट मिळवतं आणि चिन्ह आपण वाचताना लावतो, हे तेव्हाच कळलं.

सुतारपक्षी
मी थोडं वेगळं सांगते, रागावू नका. गेटपासून वर चढत जायचं हा रस्ता सगळ्यांना मानवत नाही. मला तर अजिबात नाही. पहिला महिनाभर नँड-नॉर करताना मला हे कशासाठी चाललंय तेच कळत नव्हतं आणि मी विषय सोडणारच होते. माझं गाडं रुळावर आलं ते उलट बाजूने, स्वतः लिहिलेला सीचा प्रोग्रॅम घेऊन खाली उतरत गेल्यामुळे.

आमच्या लॅबमध्ये ४०९६ गुणिले ४०९६ चा इंटचा (४ बाइटच्या पूर्णांकांचा) अॅरे होता, सगळ्या आकड्यांची बेरीज करायची. मी आणि शेजारची मुलगी, दोघींचा कोड अक्षरशः सारखा, फक्त माझे आय आणि जेचे लूप उलटे लागले होते. उत्तर तेच. तिचा प्रोग्रॅम लगेच संपला आणि माझा कित्येक पट वेळ घेत होता. बेरजा तेवढ्याच, दोन्हीकडे १ कोटी ६७ लाखांच्या वर! मला वाटलं मशीन बिघडलंय, आम्ही जागा बदलून पाहिलं.

कारण असं की सीमध्ये अॅरे ओळीने ओळीने मेमरीत मांडलेला असतो आणि प्रोसेसर मेमरीतून एक इंट कधी आणतच नाही, आणायचं तर ६४ बाइटची आख्खी कॅश लाइन आणतो (कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी). ६४ बाइट म्हणजे १६ इंट. ती ओळीने जात होती म्हणून एकदा आणलेल्या लाइनमधले सोळाच्या सोळा वापरत होती. मी स्तंभाने जात होते, दर वेळी १६,३८४ बाइट पुढे उडी, एक इंट उचलायचा आणि बाकीचे १५ तसेच सोडायचे. परत त्या लाइनकडे येईपर्यंत ती कॅशमधून बाहेर फेकलेली. एल१ मधून, म्हणजे सगळ्यात जवळच्या कॅशमधून, आणायला ४-५ सायकल पुरतात, थेट मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं तर दोनशेच्या आसपास किंवा जास्तच.

त्या संध्याकाळी मी कॅशचं प्रकरण एका बैठकीत वाचलं, कारण मला प्रश्न पडलेला होता. म्हणून नवी_पाटी, तुला माझा सल्ला, आधी प्रश्न पडू दे. प्रोग्रॅम लिही, जीडीबीत (प्रोग्रॅम थांबवत थांबवत तपासायचं साधन) एकेक इन्स्ट्रक्शन पुढे सरकव, रजिस्टर बदलताना बघ, मग पुस्तक उघड.

नवी_पाटी
रात्रपाळी दादा, सुतारपक्षी ताई, दोघांचे मनापासून आभार. लोड आणि अॅड-आय कागदावर झाल्या. स्टोअरला अडखळले, कारण तिथे आकड्याचे १२ बिट दोन तुकड्यांत लिहिलेत, सात डावीकडे आणि पाच एक्स५ च्या जागी. असं का केलं असेल यावर अर्धा तास गेला. मग लक्षात आलं, स्टोअरला उत्तर ठेवायला रजिस्टर नकोच असतं, म्हणून ती जागा मोकळी! आणि वाचायच्या रजिस्टरांच्या जागा सगळ्या इन्स्ट्रक्शनमध्ये त्याच ठेवल्यात म्हणजे डिकोड व्हायची वाट न बघता वाचायला सुरुवात करता येते. बरोबर आहे ना?

ताई, तुझा प्रयोगही केला. माझ्याकडेही स्तंभाने खूप वेळ लागला. पण एक विचित्र गोष्ट झाली. चुकून अॅरेची रुंदी ४०९६ ऐवजी ४११२ दिली आणि बेरीज पहिल्या ४०९६ स्तंभांचीच केली, तर स्तंभाने जाऊनही पहिल्यापेक्षा बराच कमी वेळ लागला. आकडे तेवढेच, उडी उलट थोडी मोठी. हे कसं?

रात्रपाळी
स्टोअरचं अगदी बरोबर. हे स्वतः शोधलंस याचा मला फार आनंद झाला.

सुतारपक्षी
४११२ चा प्रश्न सुंदर आहे. कागद घे.

तुझा एल१ डेटा कॅश ३२ केबीचा, आठ-वे (प्रत्येक कप्प्यात, म्हणजे सेटमध्ये, ८ लाइन्सना जागा) असेल असं धरू, तसे खूप असतात. लाइन ६४ बाइटची, म्हणजे एकूण ५१२ लाइन्स, एका सेटमध्ये ८, म्हणून ६४ सेट. पत्त्याचे खालचे ६ बिट सांगतात लाइनमध्ये कितवा बाइट. त्यावरचे ६ बिट सांगतात कुठला सेट. बाकीचे टॅग, म्हणजे लाइन मेमरीत कुठली ते ओळखायची खूण. आता ४०९६ रुंदीला तुझी उडी १६,३८४ बाइटची, म्हणजे २ चा १४ वा घात. ही संख्या कितीही वेळा मिळवली तरी खालच्या १४ बिटांना धक्काच लागत नाही. म्हणजे सेट ठरवणारे ६ बिट पूर्ण स्तंभभर तेच राहतात! ४०९६ ओळींच्या ४०९६ लाइन्स सगळ्या एकाच सेटवर येऊन आदळतात, तिथे जागा ८. उरलेले ६३ सेट रिकामे बसलेले. कॅश ३२ केबीचा असूनही तुझ्या वाट्याला अर्धा केबी आला.

रुंदी ४११२ केलीस म्हणजे प्रत्येक ओळ १६ इंटने, म्हणजे बरोब्बर एका लाइनने सरकली. आता प्रत्येक पुढची ओळ पुढच्या सेटमध्ये पडते. सगळे ६४ सेट कामाला लागले. तरी ४०९६ लाइन्स म्हणजे २५६ केबी, ते एल१ मध्ये मावणार नाहीतच, त्यामुळे किती फायदा होईल ते पुढच्या पातळीच्या कॅशवर ठरतं. आणि ओळीने जाण्याशी बरोबरी होणार नाही, कारण दर उडीला मेमरीचं नवं पान लागतं, ४ केबीचं, आणि पानांचे पत्ते लक्षात ठेवणारा टीएलबीही छोटासाच असतो. तो धडा तुमचा अजून यायचाय.

शून्यावकाश
चर्चा चांगली चाललीय पण एक मुद्दा मांडतो. मी तीन वर्षं वेबच्या कामात आहे. या विषयातलं मला एकदाही लागलेलं नाही, ना टीएलबी ना फ्लिप-फ्लॉप. भाषा, लायब्ररी, सर्व्हर सगळे या थरांच्या कितीतरी वर आहेत. ज्यांना हार्डवेअरमध्ये जायचंय त्यांना ठेवा, बाकीच्यांवर सक्ती का? त्या वेळात मुलं डेटाबेस नीट शिकतील.

घड्याळजी
शून्यावकाश, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून जरा लांब उत्तर देतो.

मी छोट्या उपकरणांच्या आतला कोड लिहितो, बरीच वर्षं झाली. एकदा आमचं एक उपकरण ठिकठिकाणी बसवलं होतं आणि तक्रार अशी की ते महिना-दीड महिना उत्तम चालतं आणि मग एक दिवस ठप्प. बंद करून चालू केलं की परत उत्तम. टेबलावर आम्ही आठवडाभर चालवलं, काही होत नव्हतं. दोन आठवडे आम्ही पॉवर सप्लाय तपासला, सोल्डरिंग तपासलं, तापमानाला दोष दिला. मग आमच्यातल्या एका नवीन मुलीने नोंदी समोर ठेवल्या, प्रत्येक वेळी ४९ दिवस आणि काही तास. तिने फळ्यावर २ चा ३२ वा घात लिहिला, त्याला दिवसातल्या मिलिसेकंदांनी भागलं, ४९.७. आमचा वेळ मोजणारा काउंटर ३२ बिटांचा होता, मिलिसेकंद मोजत होता आणि ४९.७ दिवसांनी परत शून्यावर येत होता. कोड लिहिला होता ‘आत्ताची वेळ ही सुरुवात अधिक अवधी यापेक्षा मोठी झाली का’. काउंटर शून्यावर आला की ती वेळ पुन्हा ४९ दिवस मोठी होतच नाही. दुरुस्ती एका ओळीची, ‘आत्ताची वेळ वजा सुरुवात, ही अवधीपेक्षा मोठी का’. बिन-चिन्हाच्या वजाबाकीत काउंटर ओलांडला तरी फरक बरोबरच येतो. ती मुलगी नुकतीच शिकून आली होती, तिला बिट संपतात हे अजून आठवत होतं. आम्ही विसरलो होतो.

आमचं तर नुसतं ठप्प झालं. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण साधारण ४० सेकंदांत संपलं, ६४ बिटांची फ्लोटिंग-पॉइंट (अपूर्णांकही लिहिता येणारी) संख्या १६ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात कोंबली आणि ती ३२,७६७ च्या पुढे गेलेली होती. तो कोड आधीच्या एरियान ४ वर व्यवस्थित चाललेला होता. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानला पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होती. ०.१ बायनरीत कधी पूर्ण लिहिताच येत नाही, २४ बिटांत तो कापला गेला, यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती आणि चूक साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. येणारं क्षेपणास्त्र भलत्याच जागी शोधलं गेलं. २८ सैनिक गेले.

ती ०.१ ची गोष्ट तुमच्या वेबच्या कामातही आहे हो. कुठल्याही ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट कन्सोलमध्ये ०.१ + ०.२ करून बघा, ०.३००००००००००००००…४ येतं. त्याच जागी पैशांचा हिशोब असला तर?

शून्यावकाश
घड्याळजी, पटलं. पैशांचा प्रश्न आम्हाला खरंच आला होता, बेरीज एका पैशाने चुकायची आणि आम्ही राउंड करून मोकळे झालो, मुळाशी गेलो नाही. सक्तीबद्दलचं माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण संख्या आणि मेमरी एवढा भाग तरी सगळ्यांना हवा हे मान्य. पिढ्यांच्या यादीसारख्या पाठांतराला मात्र माझा विरोध कायम. पहिली पिढी व्हॅक्यूम ट्यूब, दुसरी ट्रान्झिस्टर, हे लिहून कोणाचं काय भलं होतं?

रात्रपाळी
यादीला माझाही विरोध, इतिहासाला नाही. १९४८ च्या २१ जूनला मँचेस्टरमध्ये ‘बेबी’ म्हणतात त्या मशीनने पहिल्यांदा मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम चालवला. मेमरी किती, ३२ शब्द, प्रत्येक ३२ बिटांचा. २ च्या १८ व्या घाताचा, ती संख्या स्वतः सोडून, सगळ्यात मोठा भाजक शोधायला त्याला ५२ मिनिटं लागली. प्रोग्रॅम १७ इन्स्ट्रक्शनचा. हे सांगितलं की मुलं विचारतात, प्रोग्रॅम आणि आकडे एकाच मेमरीत, मग कुठला कुठला ते कसं कळतं? कळत नाही! वर मी दिलेली अॅड-आय घ्या, तेच ३२ बिट संख्या म्हणून वाचले तर ७३,४०,६९१ होतात. पीसीने बोट ठेवलं तर ती इन्स्ट्रक्शन, लोडने उचललं तर तो आकडा.

तिसरा_डोळा
नवी_पाटी, पाइपलाइनचं कुठवर आलं? तिथे बहुतेकांची गाडी अडते म्हणून आधीच सांगून ठेवतो. चौकटीची वही घे. आडवे सायकल, उभ्या इन्स्ट्रक्शन्स, प्रत्येकीचे पाच टप्पे: फेच, डिकोड, एक्झिक्यूट, मेमरी, राइट-बॅक. लोडने एक्स५ आणायचा आणि लगेच पुढची एक्स५ वापरतेय असं लिही. लोडचा डेटा चौथ्या सायकलच्या शेवटी हातात येतो. पुढचीला तो चौथ्या सायकलच्या सुरुवातीला हवा असतो. शेवटी मिळणारी वस्तू सुरुवातीला देता येत नाही, कितीही फॉरवर्डिंग (उत्तर रजिस्टरात पोचायच्या आत थेट पुढचीला देणं) लावा, एक बुडबुडा (वाया गेलेली सायकल) पडणारच. अॅडनंतर अॅड असेल तर उत्तर तिसऱ्याच्या शेवटी तयार, चौथ्याच्या सुरुवातीला देता येतं, बुडबुडा नाही. नियम पाठ करू नकोस, दर वेळी चौकटी मोज.

नवी_पाटी
दहा दिवसांनी लिहितेय, सबमिशन होतं.

ए = ए + १ चं उत्तर पुन्हा लिहिलं आणि सरांकडे घेऊन गेले. चार पानं झाली. त्यांनी सगळी वाचली, मान हलवली आणि तिथेच तोंडी विचारलं, पाइपलाइनवर या तिघींत बुडबुडे किती? मी वहीत चौकटी काढल्या. लोड आणि अॅड-आयमध्ये एक, अॅड-आय आणि स्टोअरमध्ये शून्य. म्हणाले, बरोबर.

पण चौकटी काढताना एक प्रश्न डोक्यात आला तो विचारायचा राहिला. ही तीन पावलं आहेत ना, लोड, मिळवणं, स्टोअर. समजा दोन कोर (एकाच चिपमधले दोन प्रोसेसर) एकाच ए वर हे करतायत. पहिल्याने ५ वाचला, त्याने परत लिहायच्या आत दुसऱ्यानेही ५ वाचला. दोघेही ६ लिहिणार. मग एक बेरीज हरवली ना?

रात्रपाळी
हरवली. सीमध्ये दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधली एकाच वेळी चालणारी दोन कामं) कर, दोघांना एकच ए दे, प्रत्येकाने १० लाख वेळा वाढवायचा. ऑप्टिमायझेशन बंद ठेव, नाहीतर कंपायलर लूपच गुंडाळून टाकेल आणि तुला काही दिसणार नाही.

नवी_पाटी
केलं. २० लाख यायला हवे होते, ११ लाख ८४ हजारच्या वर काहीतरी आले. परत चालवलं तर १३ लाख. परत चालवलं तर पुन्हा वेगळंच. मग पाठोपाठ वीस वेळा चालवलं आणि सगळे आकडे वहीत उतरवून ठेवलेत, एकही आकडा दुसऱ्यासारखा नाही. स्टोअर होईपर्यंत दुसऱ्या कोरला थांबवून ठेवणारी एखादी इन्स्ट्रक्शन असते का?